जागा आणि पंगत

कासारवाडी

चि. नंदास,

ह्यांची रिटायरमेंट मला चांगलीच मानवली आहे. रविवारी जेवणं उरकली की लोकल धरायची, पुणे स्टेशनला उतरायचं आणि दोघांनी पाय दुखेपर्यंत हिंडायचं. सध्या कॅम्पाची कड, रास्ता पेठ, नाना पेठ असा पट्टा धरला आहे.

लाल देऊळ तू बसमधून पाहिलं असशील. ज्यूंचं सिनेगॉग ते. डेव्हिड ससूनने बांधायला घेतलं आणि १८६७ साली पुरं झालं. तो स्वतः १८६४ मध्ये पुण्यातच वारला, त्याची कबर त्याच आवारात आहे. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. हे फाटकाशी उभे राहून मनोऱ्याच्या विटा न्याहाळत होते. आयुष्य क्वालिटीत गेलेलं, नजर तिथेच जायची! "दरजा बघ, खालपासून वरपर्यंत एकसारख्या," म्हणाले.

ससूनचा जन्म बगदादचा, १७९२ चा. त्याच साली इकडे सवाई माधवराव पेशव्यांनी नाना पेठेत चर्चला जागा दिली. फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांना प्रार्थनेला ठिकाण हवं होतं. तेच आजचं सिटी चर्च. पारशांची अग्यारीही नाना पेठेतच. रास्ता पेठेत बेने इस्राएलांचं सिनेगॉग. ही मंडळी मूळची आपल्या अलिबागकडची, तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, घरात मराठी बोलणारी.

माणूस पोटामागे येतो आणि त्याचा देव त्याच्यामागून. आपल्या पिंपरीत तरी वेगळं काय झालं? फाळणीनंतर सिंधी आले, १९५४ साली एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, निघाली, मग कारखान्यांमागून मल्याळी, तमिळ, आता बिहार-ओडिशाची मुलं.

पण जागा देणं सोपं गं, पंगतीला घेणं अवघड. त्याच पुण्यात १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले अशी मंडळी गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून एवढं ग्रामण्य माजलं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्ताची पाळी आली. चर्चला जमीन देऊन शंभर वर्षं होत आली होती, तरी एक कप चहा खपला नाही. मला हे फार लागतं.

आमच्या मजल्यावर ओडिशाची चार मुलं राहतात. चाकणला कंपनीत नाइट करून सकाळी परततात. जिन्यात भेटली की हात जोडतात, डोळे झोपेने लाल. येत्या रविवारी आमचं हिंडणं बंद, त्यांना जेवायला बोलावलं आहे. मटण करावं असं ह्यांचं म्हणणं. एकजण खात नाही असं कळलं, त्याच्यासाठी भरली वांगी करीन. भात मात्र मोठ्या पातेल्यातच लावावा लागणार.

तुझा काळा मसाला संपत आला आहे. भाऊजी शनिवारपर्यंत इकडे येणार असतील तर त्यांच्याबरोबर पाव किलो पाठव.

तुझी,
अक्का