एका दिवसाची सवड

जुलै लागला की मलकापुरात माणसं एकमेकांची खुशाली विचारण्याआधी कोयना धरणाचं विचारतात. "किती सोडलंय?" एवढाच प्रश्न. कुठून आणि काय, हे सांगावं लागत नाही. उत्तरही तेवढंच तुटक येतं, "दरवाजे दोन फुटांवर घेतलेत." क्युसेक आणि टीएमसी हे शब्द आमच्याकडे चहाच्या गाड्यावरची पोरंसुद्धा सहज वापरतात. धरणाचा शिवसागर जलाशय भरून १०५ टीएमसीकडे सरकू लागला, की बोलण्यातली गंमत कमी होते आणि आकडेच बोलले जातात.

या दिवसांत आगाशिवाचा डोंगर सकाळपासून ढगात असतो. त्यातली लेणी, पायऱ्या, काही दिसत नाही. महामार्गावर ओल्या डांबराला घासत जाणाऱ्या टायरांचा आवाज रात्रंदिवस चालू. मधूनच कृष्णा रुग्णालयाकडे वळणारी रुग्णवाहिका. गाव कराडला इतकं लागून वाढलंय, की कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं हे नवख्याला कळू नये. उसाच्या सऱ्या होत्या तिथं इमारती उभ्या राहिल्या. बहुतेक घरांतून नदी दिसत नाही. ती नळातून येते. चोवीस तास पाणी देण्यासाठी देशात नाव झालेलं हे गाव. तोटी सोडली की नदी हजर. तिच्याशी रोजचा संबंध एवढाच उरला, की तिचा स्वभाव विसरायला होतं. पावसाळ्यातले चार-सहा दिवस ती आठवण करून देते.

स्वभाव बघायचा तर कराडच्या प्रीतिसंगमावर जावं. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरातून निघालेल्या कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात. कोयना हेळवाकपर्यंत दक्षिणेला जाते, मग पूर्वेला वळते. कृष्णा वाई, माहुली करत येते. उन्हाळ्यात ही भेट शांत असते. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बसून बघत राहावी अशी. पण दोन्ही एकाच वेळी भरून आल्या, की संगमावर वेगळंच चालतं. जिला जास्त जोर ती दुसरीला थोपवते. थोपलेलं पाणी मागं सरकतं, ओढ्या-नाल्यांच्या तोंडातून आत शिरतं आणि नदीपासून लांब राहणाऱ्या माणसाच्या अंगणात मागच्या बाजूनं येतं. लोंढ्याची वाट बघत समोर उभं राहावं, तर पाणी परसदारी चढलेलं असतं. फेस नाही, आवाज नाही. एक पायरी बुडते, मग दुसरी.

म्हणून पूर म्हणजे नुसतं वरून आलेलं पाणी, हे मला कधी पटलं नाही. जे पाणी पुढं जाऊ शकत नाही, तो पूर. सांगलीच्या बाबतीत तर हे फारच खरं. घाटातून धावत आलेली कृष्णा तिथं सपाटीला लागते, वळणं घेते, रेंगाळते. ब्रह्मनाळला येरळा मिळते, हरिपूरला वारणा, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. प्रत्येक संगमावर रस्ता कुणी आधी घ्यायचा हा प्रश्न, आणि तो सुटेपर्यंत मागचं पाणी चढत राहतं.

सांगलीकर ते फुटांत मोजतात. १९२९ सालचा आयर्विन पूल ही त्यांची मोजपट्टी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा आता याहून जास्त होणार नाही असं सगळे म्हणाले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ च्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ च्या आसपास.

पुराच्या दिवसांत सांगलीहून आत्याचा फोन दिवसातून तीनदा यायचा. "कराडात कुठवर आलंय रे?" सांगितलं, की पलीकडे क्षणभर हिशेब चाले. "म्हणजे आमच्याकडं उद्या संध्याकाळी. तुमच्यात उतरायला लागलं तरी आमचं अजून चढायचंच असतंय बघ." कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला यायला काही तास लागतात, सांगलीला पोचायला साधारण एक दिवस. आत्याचं सगळं त्या एका दिवसात बसवलेलं असे. धान्याची पोती माळ्यावर, गॅसची टाकी जिन्यावर, देव डब्यात. आणि कृष्णामाईची ओटी भरून यायची. घरात शिरणार म्हणून जिची धास्ती, तिचीच ओटी. यात मला विसंगती वाटत नाही. आपलं माणूस रागावलं म्हणून परकं होत नाही.

२०१९ ला मलकापुरानं पूर पाहिला तो मुख्यत्वे महामार्गावर. कोल्हापूरजवळ शिरोलीला रस्ता पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस तसाच राहिला. अवजड गाड्या मागंच थांबवल्या. ट्रकांच्या रांगा लागल्या, ताडपत्र्या ठिबकत राहिल्या, चालक केबिनमध्ये बसून. लोकांनी भाकरी-पिठलं नेऊन दिलं. सांगलीत चारी बाजूंनी पाणी आणि नळ मात्र कोरडे, कारण पाणी उपसणारी यंत्रणाच बुडालेली. चोवीस तास पाण्याच्या आमच्या गावाला हे ऐकून पोटात गोळा आला. आणि ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची बातमी आली. पुराच्या वेढ्यातून बाहेर निघालेली माणसं होती. बोट उलटली. १७ जीव गेले. त्यात बाया होत्या, लेकरं होती. त्या दिवशी सातारा-सांगलीत कुणाला घास गेला नसेल.

पूर ओसरल्यावर नदीकाठचा ऊस मी जवळून पाहिला. लांबून हिरवाच दिसतो. जवळ गेलं, की प्रत्येक पानावर गाळाचा पातळ थर, वाळून भेगाळलेला, बोट लावलं की पापुद्रा निघणारा. पोंगा हातात धरून ओढला तर अलगद निघून येतो, खालच्या टोकाला कुजट वास. पोंग्यात पाणी साचून शेंडा मेलेला असतो. मग कांडीवरचे डोळे फुटतात, पांगशा येतात, आणि वर्षभर वाढवलेल्या उसाचं वजन उतरत जातं. शेतकरी तो शेंडा हुंगून बघतो आणि काही न बोलता टाकून देतो. पंचनाम्याचा कागद त्यानंतर येतो.

हीच कृष्णा उगमापासून सुमारे चौदाशे किलोमीटर जाऊन आंध्रात हंसलदीवीपाशी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी दिविसीमा हा सखल मुलूख आहे. १९ नोव्हेंबर १९७७ ला तिथं चक्रीवादळ आलं. वाऱ्यानं ढकललेला समुद्र काही मीटर उंच होऊन जमिनीवर चढला आणि गावंच्या गावं पुसून गेली. मृतांचा सरकारी आकडा दहा हजारांच्या आसपास होता. नदी समुद्रात जायची ती जागा, आणि त्या दिवशी समुद्रच नदीच्या वाटेनं आत आला. आमच्याकडे असा समुद्र नाही. तरी पुढची वाट बंद झाली की पाणी मागं फिरतं, हे दोन्हीकडे सारखंच. कोकणात तर नदीचा पूर आणि समुद्राची भरती दोन्ही एकत्र येतात. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या बाजूला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गाडली गेली. पलीकडे चिपळुणात वाशिष्ठी शहरात शिरली, आणि भरतीच्या वेळी तिला समुद्रात उतरायला वाव मिळेना.

फरक आहे तो वेळेचा. दिविसीमेत समुद्र चढला तेव्हा पळायलाही वेळ नव्हता. सांगलीच्या काठाला कोयना एक दिवस देते. कधी जास्तही. या एका दिवसाचं आपण काय करतो, हा प्रश्न मला छळतो.

बराचसा दिवस वादात जातो. अलमट्टी हा त्यातला मोठा वाद. सांगलीच्या खाली कृष्णेवर असलेलं ते धरण कर्नाटकाला ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत भरायचं आहे, आणि पाणी मागं तुंबेल म्हणून सांगली-कोल्हापुरात त्याविरुद्ध संताप आहे. राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर न फोडता अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं. ते अनेकांना मान्य नाही. अलमट्टीवर पाळत हवीच. पण निळ्या पूररेषेच्या आत उभी राहिलेली भिंत आणि बुजवलेला ओढा ही कर्नाटकाची कामगिरी नाही. ती आपली. कराड-मलकापुरापासून सांगलीपर्यंत ओढ्याच्या तोंडाशी भराव टाकून जो प्लॉट तयार होतो, तो पाण्याची परत जायची वाट अडवतो.

उरलेला दिवस गोठ्यात अडकतो. नदीकाठच्या गावात कुणालाही विचारा, वेळेवर का निघाला नाहीत? उत्तर एकच, "जनावरं सोडून कुठं जायचं?" दावणीला दोन म्हशी, एक गाभण. दुधाच्या पगारावर घर चाललेलं. बोटीत म्हैस बसत नाही. म्हणून घरातला एक माणूस मागं राहतो, त्याच्यासाठी बायको राहते, तिच्यासाठी लेकरं राहतात, आणि पाणी गळ्याशी आल्यावर बोट शोधावी लागते. बाहेर पडा म्हणून फिरणाऱ्या भोंग्याला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसतं.

बांगलादेशानं हे उत्तर शोधलं. १९७० च्या नोव्हेंबरमधल्या भोला चक्रीवादळात तिथं लाखो माणसं गेली. त्यानंतर किनाऱ्यावर मातीची उंच टेकाडं रचली गेली, जनावरांसाठी. त्यांना तिथं किल्लाच म्हणतात. माणसांसाठी निवारे वेगळे. पाणी चढायची चाहूल लागली की गुरं टेकाडावर जातात.

आपल्याकडंही हे करता येईल. कृष्णाकाठची भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ, हरिपूर. इथल्या प्रत्येक गावाला उंचावरची एक जागा पक्की ठरवून द्यावी. छप्पर, हौद, आठवडाभराचा चारा, आणि कुणाची जनावरं कुठल्या खुंट्याला याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. कोयनेचे दरवाजे उचलले, की पहिला ट्रॅक्टर माणसांसाठी नको, म्हशींसाठी निघू दे. दावण मोकळी झाली की माणूस त्याच दिवशी निघतो, आणि दिवस तर आपल्याला मिळतोच.