टॅपेटचा आवाज

आमच्या पद्मिनीचं इंजिन गेल्या वर्षी दोनदा उघडलं. पहिल्यांदा हौसेपायी, दुसऱ्यांदा माझ्या चुकीपायी.

गाडी १९७८ ची, बाबांची. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर. लहानपणी साताऱ्याला जाताना खंबाटकी लागली की बाबा सेकंड टाकायचे आणि मागच्या सीटवरची आम्ही पोरं पुढे वाकायचो, गाडीला मदत म्हणून. तेव्हापासून डोक्यात होतं, हिला कधीतरी जोर द्यायचा.

जोर द्यायचा म्हणजे इंजिनात जास्त हवा घ्यायची. त्यासाठी व्हॉल्व्ह जास्त उघडायचे, जास्त वेळ उघडे ठेवायचे. हे ठरवतो कॅमशाफ्ट. या इंजिनात तो खाली ब्लॉकमध्ये असतो. त्यावर टॅपेट, मग पुशरॉड, रॉकर आणि शेवटी व्हॉल्व्ह. उघडायला एवढी मंडळी, पण बंद करायला एकटी स्प्रिंग! ४००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ३३ वेळा उघडतो. ६००० ला स्प्रिंगला सव्वादोनपट जोर लागतो, कारण हा हिशोब वेगाच्या वर्गाने वाढतो. स्प्रिंग कमी पडली की टॅपेट कॅमला सोडून तरंगतो आणि व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही.

मग काय, मी 'रेस'चा कॅम घासून आणला आणि सगळ्यात कडक डबल स्प्रिंगा घातल्या. तोवर पैसे संपत आले होते. जुने टॅपेट चकचकीत दिसत होते, तेच परत टाकले. (हा शहाणपणा माझा एकट्याचा.)

जुना टॅपेट आपापल्या लोबबरोबर झिजून जुळलेला असतो. नव्या लोबवर तो नीट फिरत नाही, एकाच जागी घासतो. वर कडक स्प्रिंगचा दाब. तीनशे किलोमीटरनंतर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचं सेटिंग टिकेना. आज फिलर गेजने लावावं, उद्या परत गॅप वाढलेला. उघडून बघतो तर लोबचं नाक चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखं, आणि ऑईलमध्ये चमचम.

दुसऱ्या वेळी बाबांच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. पार्ट्सची यादी न बघताच त्यांनी विचारलं, "पळवणार कुठं?"

"खंबाटकीत."

"मग घाटात तू अडीच-तीन हजारावर असणार. साडेसहा हजाराचा कॅम कशाला?"

खरंच की! व्हॉल्व्ह फार वेळ उघडा राहणारा कॅम वरच्या वेगात पळतो, पण खाली जीव सोडतो. म्हणजे मी आणलेल्या कॅमने घाटात गाडी आधीपेक्षाही मंद झाली असती.

मग सौम्य कॅम घेतला. नवे आठ टॅपेट. स्प्रिंगा मूळच्यापेक्षा जराशाच कडक, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावरही वेटोळ्यांमध्ये मिळून दीड मिलिमीटर जागा राहते हे मोजून. सगळ्यात वेळ खाल्ला पुशरॉडनी. कॅम घासला की त्याचा मूळ गोल लहान होतो, टॅपेट खाली बसतो, रॉकरचा कोन बिघडतो. व्हॉल्व्ह निम्मा उघडा असताना रॉकर दांड्याच्या मध्यावर यायला हवा. दोन रविवार शाई लावून खुणा बघण्यात गेले, तेव्हा कुठे लांबी ठरली.

झिंक-फॉस्फरसवालं ऑईल भरलं. नवा कॅम पहिल्यांदा आयडलवर ठेवायचा नसतो, म्हणून सुरू करताच वीस मिनिटं २००० वर. सोसायटीतले लोक गॅलरीत आले. बाबाही. ते कान देऊन म्हणाले, "एक वाजतोय."

मी पाना उचलला, तर मिस्त्रींनी हात धरला. "गरम होऊ दे. घट्ट केलास तर गप्प बसेल, आणि व्हॉल्व्ह जळेल तेव्हाही गप्पच असेल."

परवा बाबांना घेऊन खंबाटकी चढलो. निम्मा घाट थर्डवर. बाबा एरवी सीटला टेकून बसतात, पण वळणांवर पुढे वाकलेले दिसले. वर पोचल्यावर म्हणाले, "अजून वाजतोय तो."

वाजतोय खरा. रविवारी बघतो.