आवक क्रमांक आणि आदेश

सरकारी कार्यालयात अर्ज दिला की आवक क्रमांक मिळतो. तो घेऊन नागरिक समाधानाने घरी जातो. पण क्रमांक मिळणे आणि काम होणे यांत किती अंतर असते, हे खिडकीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असते. ब्लॉकचेनवरील स्मार्ट कॉन्ट्रॅक्टशी हास्केल या संगणकीय भाषेतून व्यवहार करायला मी शिकू लागलो, तेव्हा पहिला धडा नेमका हाच मिळाला. म्हणून या विषयाकडे प्रशासकाच्या नजरेने पाहावेसे वाटते.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट हे नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात ती एक लहानशी आज्ञावली असते. 2015 साली सुरू झालेल्या इथेरियम या जाळ्यावर ती ठेवली की तिला एक पत्ता मिळतो. मग जगभरचे अनेक संगणक तीच आज्ञावली चालवून एकमेकांचे उत्तर पडताळतात. मी सरावासाठीच्या जाळ्यावर एक छोटी नोंदवही ठेवली. त्यात दोनच कामे होती: गट क्रमांक देऊन धारकाचे नाव पाहणे, आणि ते नाव बदलणे. महसूल खात्याच्या भाषेत सांगायचे तर एक सातबारा पाहणे आणि दुसरे फेरफार नोंदवणे.

या दोन कामांत मूलभूत फरक आहे. पाहण्याला शुल्क नाही, सही नाही, आणि त्याची नोंदही वहीत होत नाही. उत्तर लगेच मिळते. बदलायचे झाल्यास आपल्या गुप्त किल्लीने सही करावी लागते, अनुक्रमांक द्यावा लागतो, शुल्क भरावे लागते. आणि हाती येते ते उत्तर नव्हे, तर केवळ व्यवहाराचा क्रमांक! तो व्यवहार एखाद्या ब्लॉकमध्ये समाविष्ट झाल्यावरच पावती तयार होते, आणि तो मंजूर झाला की फेटाळला गेला, हे त्या पावतीवरच कळते. फेटाळला गेला तरी खर्ची पडलेले शुल्क परत मिळत नाही. अर्ज नामंजूर झाला म्हणून कोर्ट फी स्टँप कोण परत देतो?

1990 साली जन्मलेली हास्केल ही भाषा येथे उपयोगी पडते, ती तिच्या करड्या शिस्तीमुळे. या भाषेत प्रत्येक मूल्याचा प्रकार ठरलेला असतो, आणि बाह्य जगाशी संबंध येणारी प्रत्येक कृती शुद्ध आकडेमोडीपासून वेगळी ओळखू येते. पावती ‘असेल किंवा नसेल’ अशा प्रकारची आहे असे एकदा लिहिले, की ती आलीच आहे असे गृहीत धरून पुढे जाता येत नाही. ‘नसेल तर काय’ याचा विचार करावाच लागतो. कॉन्ट्रॅक्टसोबत त्यातील कामांचे वर्णन देणारी एक फाईल असते, तिला एबीआय म्हणतात. ती वाचून हास्केलची आज्ञावली आपली रूपे स्वतः बनवते. त्यामुळे पत्त्याच्या जागी रक्कम लिहिली, तर चूक जाळ्यावर जाण्याआधी आपल्याच टेबलावर अडते.

एककांचेही तसेच. एक इथर म्हणजे 10 चा 18 वा घात इतके ‘वेई’. जाळ्याला कळतात फक्त वेई. अर्थसंकल्पाचे एक विवरणपत्र ‘रुपये हजारांत’ आणि दुसरे ‘रुपये कोटींत’ असले की काय घडू शकते, हे लेखाशाखेत बसलेल्या कोणालाही सांगायला नको. हास्केलमध्ये या दोन एककांना दोन वेगळे प्रकार देता येतात, आणि मग ती नकळत एकमेकांत मिसळत नाहीत.

मात्र ही शिस्त आपल्या बाजूची आहे. समोरच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच दोष असेल, तर निर्दोष अर्जही अनर्थ घडवतो. 2016 च्या जूनमध्ये ‘द डीएओ’ नावाच्या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे 36 लाख इथर काढून घेतले गेले. कारण कोषागारातला कारकूनही ओळखेल असे होते: रक्कम आधी दिली जाई आणि खात्यातील वजावट नंतर होई. मधल्या क्षणात घेणारा पुन्हा पुन्हा हात पुढे करू शकला. अखेर 20 जुलै 2016 रोजी जाळ्यातील बहुमताने नियमांतच खास बदल करून ते इथर परत मिळवले. ज्यांना हे मान्य नव्हते, त्यांनी जुनी साखळी ‘इथेरियम क्लासिक’ या नावाने चालू ठेवली. अपरिवर्तनीय म्हणवणाऱ्या वहीलाही शेवटी माणसांचा निर्णय लागला.

म्हणूनच भूमी अभिलेख ब्लॉकचेनवर आणा, म्हणजे सारे प्रश्न मिटतील, असे कोणी म्हणाले की मी सावध होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद खरी मानली जाते. पण ती विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीररीत्या नवी नोंद होईपर्यंतच. कलम 155 मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय आहे. गावाकडची जमीन दिल्ली-बंगळुरूहून सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना आणि वारसनोंदीत नाव चुकलेल्या विधवेला या दोन कलमांचाच आधार असतो. तशी तरतूद कॉन्ट्रॅक्टमध्ये पहिल्याच दिवशी लिहिली नाही, तर नंतर ती कोण आणि कशी घालणार? जुनी नोंद न पुसता, सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने नवी नोंद घालणे तंत्राला सहज शक्य आहे. आपली फेरफार नोंदवही तेच तर करत आली आहे.

उरतो प्रश्न किल्लीचा. बदली झालेल्या अधिकाऱ्याची डिजिटल सही ऑपरेटरच्या खणात राहिल्याचे मी एकाहून अधिक कार्यालयांत पाहिले आहे. जाळे फक्त किल्ली ओळखते. ती कोणाच्या हातात आहे, हे त्याला कळत नाही. तेव्हा अशी कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: दुरुस्तीचा अधिकार कोणाला, कार्यभार हस्तांतरित होताना किल्लीचे काय, आणि अपील कोणाकडे? यांची उत्तरे शासन निर्णयात नसतील, तर ती आज्ञावलीतही सापडणार नाहीत.