थकबाकी आणि एस्प्रेसो

कॉफी या विषयातला माझा अधिकार बरीच वर्षं एका लग्नापुरता मर्यादित होता. १९८८ साली धाकट्या मामाच्या रिसेप्शनला मांडवाच्या कोपऱ्यात एक यंत्र उभं होतं. ते रेल्वेच्या इंजिनासारखं फुसफुसायचं. एक घामाघूम माणूस त्याच्या नळीखाली दुधाचं भांडं धरायचा आणि थोड्या वेळाने फेसाळ कॉफी कपात पडायची. वर चिमूटभर चॉकलेटची पावडर. ह्या पेयाला ‘एस्प्रेसो’ म्हणतात, अशी माहिती मामेभावाने पुरवली. मी पाच कप प्यायलो. त्या रात्री मांडवात वधूपित्याखेरीज जागा असलेला मी एकटाच.

पुढे छत्तीस वर्षं माझी ठाम समजूत होती की एस्प्रेसो म्हणजे लग्नातली कॉफी. घरात मिळायची ती जायफळाची, दुधातली, आणि तीही पाहुणे आले किंवा एकादशी आली तरच. एरवी चहा.

हा गैरसमज २०२४ साली दूर झाला. आम्हा बँकवाल्यांच्या पगारवाढीचा करार झाला मार्च २०२४ मध्ये, पण लागू नोव्हेंबर २०२२ पासून. त्यामुळे मधल्या महिन्यांची थकबाकी एकदम हातात पडली. थकबाकी हा पैसा फार घातक. पगार येण्याआधीच खर्च झालेला असतो, त्याबद्दल कुणाला मोह होत नाही. थकबाकी मात्र लॉटरीसारखी वाटते. आमच्या हिला त्या पैशांतून बाल्कनीला कबुतरांची जाळी बसवायची होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्याने मला घरी कॉफीला बोलावलं.

त्याने भातुकलीतल्या कपाएवढ्या कपात दोन घोट काळं पाणी पुढे ठेवलं. मला वाटलं, हा नमुना आहे, माल मागून येईल. माल आला नाही. मग मी तो नमुनाच प्यायलो. आधी कडू लागलं, मग गुळाच्या काकवीसारखं काहीतरी, आणि ती चव स्कूटरवरून घरी पोचेपर्यंत जिभेवर बसून राहिली. वीस वर्षं मी जे पीत होतो ते गरम दूध होतं, असा मला साक्षात्कार झाला.

त्या मुलाने मला ज्ञानही दिलं. एस्प्रेसो हे बियांचं नाव नाही, पद्धतीचं आहे. ९० ते ९६ अंश तापलेलं पाणी वातावरणाच्या नऊपट दाबाने बारीक दळलेल्या कॉफीतून ढकलायचं. १८ ग्रॅम पूड घातली, तर २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी कपात उतरली पाहिजे. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ साली वाफेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजियाच्या तरफेच्या यंत्राने वाफेऐवजी नुसता दाब वापरला, तेव्हापासून कपावर बदामी साय धरू लागली. तिला क्रेमा म्हणतात. मामाच्या लग्नातल्या यंत्राची वाफ फक्त दुधात जात होती आणि कॉफी बाटलीतल्या पावडरीची होती, हे कळल्यावर मला मामाचं लग्नच बेकायदेशीर ठरल्यासारखं वाटलं.

यंत्र घरी आलं. किंमत २२ हजार. हिने ते सगळीकडून पाहिलं आणि विचारलं,

“हे कबुतरांना घाबरवायला आणलंय का?”

मी उत्तर दिलं नाही. थोर कार्याला आरंभी विरोध होतोच.

बिया निवडणं हे लग्न जमवण्याइतकंच जोखमीचं. घराणी मुख्यतः दोन. अरेबिका सुगंधी, किंचित आंबटसर, नाजूक. रोबस्टा अंगापिंडाने दणकट, कडवट, आणि कॅफिन जवळजवळ दुप्पट. रोबस्टामुळे साय दाट येते, म्हणून इटलीतसुद्धा कित्येक जण ती थोडी मिसळतात. एरवी फळात दोन बिया असतात. एकच गोल बी धरली की ती पीबेरी, म्हणजे एकुलती एक, आणि म्हणूनच भाव खाणारी. शिवाय मॉन्सून्ड मलबार! पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना बिया महिनोन्महिने समुद्राची दमट हवा खात आणि फुगून फिकट होत. तिकडच्या लोकांना तीच चव आवडली. आता मुद्दाम आपल्या पश्चिम किनाऱ्यावर गोदामांत पसरून त्यांना पावसाळी वारं पाजतात. आमच्या घरात पावसाळ्यात पापड असे होतात तर आम्ही ते टाकून देतो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जे महाग ते चांगलं, ह्या अर्थशास्त्रीय नियमाने कोपऱ्यावरच्या दुकानातलं सगळ्यात महाग पाकीट आणलं. बिया मिक्सरमधून काढल्या. पूड ‘पळी’त भरली. (त्या दांडेवाल्या गाळणीला खरं नाव पोर्टाफिल्टर, हिने पहिल्याच दिवशी तिचं बारसं ‘पळी’ असं करून टाकलं.) बटण दाबलं. आठ सेकंदांत सगळं पाणी भसकन खाली. चव चिंचेच्या कोळाची, आणि मागून लसणाची. मिक्सरच्या त्याच भांड्यात आदल्या दिवशी चटणी झाली होती.

दुसऱ्या दिवशी भांडं घासून जास्त वेळ फिरवलं. यंत्र मिनिटभर कण्हलं आणि चार थेंब काढा टपकला. तिसऱ्या दिवशी पूड एका बाजूला जास्त दाबली गेली आणि पाणी दुसऱ्या बाजूने निसटलं. पाणी अगदी बँकेतल्या ग्राहकासारखं असतं. जिथे रांग कमी दिसेल तिथे घुसतं, मग बाकीच्या खिडक्या रिकाम्या राहिल्या तरी चालतील.

असे पंधरा कप झाले. एके दिवशी ही भाजी चिरता चिरता आली, पूड चिमटीत घेतली आणि म्हणाली,

“अहो, ह्यात अर्धा रवा आहे आणि अर्धा मैदा. रव्यातून पाणी पळणार आणि मैद्यात तुंबणार. मिक्सरचं पातं नुसतं तोडतं. एकसारखं दळायला जातं लागतं.”

त्या अधिकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, वहिनी बरोबर सांगताहेत. बर ग्राइंडर घ्या. दोन दातेरी चकत्या असतात, मधलं अंतर कमीजास्त करता येतं.” म्हणजे जातंच. हाताने फिरवायचं जातं ६ हजाराला आलं.

तरीही साय धरेना. हिने पाकीट हुंगलं.

“ह्यावर भाजल्याची तारीख कुठाय? भाजणी दळून आणली की पंधरा दिवसांत वास उडतो. ही कधीची आहे कोण जाणे.”

मग थेट चिकमगळूरहून, भाजल्याची तारीख छापलेल्या बिया मागवल्या. याच भागातल्या डोंगरावर बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून लावल्या, अशी कथा आहे. पार्सल येताच मी जात्याकडे धावलो, तर ही म्हणाली, “कालच भाजल्यात, मुरू द्या की जरा.” अधिकाऱ्याला विचारलं. तोही तेच म्हणाला. ताज्या भाजलेल्या बियांतून वायू निघत असतो, एस्प्रेसोसाठी आठवडाभर तरी थांबावं. यापुढे त्याला फोन करायचा नाही, असं मी ठरवलं. घरात फुकट मिळणाऱ्या सल्ल्यासाठी बाहेर कशाला जायचं?

रविवारी सकाळी अठ्ठाविसावा कप काढला. पळी आधी तापवली. १८ ग्रॅम मोजले, पूड सपाट दाबली, घड्याळ लावलं. काकवीसारखी धार लागली. सत्तावीस सेकंद, ३६ ग्रॅम, वर बदामी साय. मी हर्षभराने ओरडलो,

“अगं, जमलं! यंत्र आणि जातं मिळून अठ्ठावीस हजार, म्हणजे आतापर्यंत कपाला हजार रुपये पडले. पण जमलं!”

ही नुकतीच अंघोळ करून खुर्चीवर टेकली होती. कप मी तिच्या हातात दिला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, साखर घातली, थोडं दूध घातलं आणि डब्यातून जायफळ काढून वर किसलं. इटलीत ह्याबद्दल काय शिक्षा असेल मला माहीत नाही. मग तिने पाय वर घेतले आणि सावकाश तो कप संपवला.

“चांगली झालीय,” ती म्हणाली. “आणि गरम आहे. सकाळी बसल्या जागी आयता कप मिळाला, तो आजच.”

“काहीतरीच! आधी कधी…”

“आठवा.”

मी आठवू लागलो. लग्नाला वीस वर्षं झाली. सकाळी एक आणि बँकेतून आल्यावर एक. लीप वर्षं सोडली, तिच्या माहेरपणाचे दिवस माझ्या उशिरा येण्याच्या दिवसांशी वळते केले, तरी हिशेब १४,६०० कपांचा होत होता. सगळे माझ्या नावे. तिच्या नावे आज सकाळची एकच नोंद.

शिल्लक १४,५९९. एवढी थकबाकी आमच्या बँकेत एखाद्या खातेदाराकडे निघाली असती, तर मी स्वतः त्याला नोटीस पाठवली असती.

मी मुकाट्याने उठलो, पळी धुतली आणि विचारलं, “अजून एक काढू?”

“काढा,” ती म्हणाली. “आणि संध्याकाळी त्या जाळीवाल्याला फोन करा.”