लाकडाच्या गॅसवर जनरेटर चालवू पाहणाऱ्या भाच्यास

चि. भाच्यास,


आक्काचा फोन आला होता. म्हणाली, कडोदऱ्यात पावसाळ्यात लाइट गेली की तू आता जनरेटरमध्ये पेट्रोल ओतणार नाहीस. मिलमधून पॅकिंगच्या फळ्या आणायच्या, पत्र्याच्या पिंपात त्या अर्धवट जाळायच्या आणि निघेल त्या गॅसवर इंजिन फिरवायचं, असं तुझ्या मनात आहे. पिंप आणून ठेवलंयस, मित्राकडे भट्टीचं चित्र बघितलंयस, वेल्डरशी बोलणंही झालंय. तिला काळजी धुराची आहे. मला धुराची नाही. धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, माणूस आपोआप बाजूला होतो. त्या गॅसमध्ये जे दिसत नाही, त्याची मला काळजी वाटते. म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितोय. आणि छापायलाही देतोय, कारण सुरत, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात आपल्या खानदेशातून गेलेली, हातात कसब असलेली तुझ्यासारखी पोरं पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात हे येऊ शकतं.

आधी हे ऐक, की तुझी कल्पना खुळी नाही. जॉर्ज इम्बर्ट नावाच्या माणसानं १९२०च्या दशकात युरोपात लाकडावर मोटार चालवणारी भट्टी बनवली आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा तिनं अर्ध्या युरोपची वाहतूक तारली. एकट्या स्वीडनमध्ये अशी सत्तर हजारांवर वाहनं धावत होती. आपल्याकडेही त्या काळात एस.टी.च्या आधीच्या खासगी सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. गाडीच्या पाठीमागे उभी टाकी असायची आणि निघण्याआधी क्लीनर तिचा पंखा फिरवत बसायचा. तेव्हा लाकडावर इंजिन चालतं का, हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. ते कुणी, कुठे आणि किती राखण करून चालवायचं, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचं उत्तर शोधायला तुला लांब जायला नको. आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ साली बी. व्ही. निंबकरांनी सुरू केलेली. डॉ. अनिल राजवंशी फ्लोरिडा विद्यापीठातून डॉक्टरेट करून १९८१ साली तिथे आले आणि अमेरिका सोडून फलटणमध्येच राहिले. त्यांनी लाकडाच्या गॅसवर १९८६ साली लिहिलेलं प्रकरण आजही जगभरचे हौशी आणि अभ्यासक उघडून बसतात. मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांचं दुसरं काम: शेतकऱ्याच्या विहिरीवर असतो तसा ३.७५ किलोवॅटचा, म्हणजे पाच हॉर्सपॉवरचा डिझेल पंप त्यांनी लाकडाच्या गॅसवर चालवला आणि त्याचा अनुभव १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यांची भट्टी वरून उघडी होती. झाकण नाही, त्यामुळे लाकूड अडकलं तर वरून दिसतं, ढोसता येतं. प्रयोगशाळेतल्या चकचकीत यंत्राऐवजी त्यांनी पाच हॉर्सपॉवरचा पंप घेतला, यात मला त्यांचं मोठेपण दिसतं. आपल्या शेतकऱ्याजवळ जे आहे, तिथूनच त्यांनी सुरुवात केली.

अशा भट्टीला हवं असतं झटपट वाढणारं लाकूड, आणि ते म्हणजे सुबाभूळ. सुबाभूळ महाराष्ट्रात बांधाबांधावर पोचवण्यात उरुळीकांचनच्या 'बायफ'चा मोठा वाटा आणि 'बायफ' काढणारे मणिभाई देसाई तुझ्याच सुरत जिल्ह्यातले, कोसमाड्याचे. गांधीजींबरोबर १९४६ साली ते उरुळीला आले आणि तिथलेच झाले. तिकडचा माणूस इकडे रुजला, तू इकडचा तिकडे रुजलास. कधी कोसमाड्यावरून जाशील तेव्हा त्यांची आठवण ठेव.

आता कामाचं. पिंपात नुसतं लाकूड पेटवून गॅस मिळत नाही. चांगल्या भट्टीत वरून खाली चार थर असतात. सगळ्यात वर लाकूड वाळतं. त्याखाली ते हवेवाचून भाजलं जाऊन त्याचा कोळसा होतो आणि डांबराची वाफ सुटते. त्याखाली हवेच्या नळ्या सुटतात, तिथे हजार अंशांच्या वर उष्णता असते. तळाशी लाल कोळशाचा थर, आणि त्यातून खाली ओढला जाताना कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड होतो, पाण्याच्या वाफेतून हायड्रोजन सुटतो. हाच आपला जळणारा गॅस. त्यात साधारण वीस टक्के कार्बन मोनॉक्साइड, पंधरा ते वीस टक्के हायड्रोजन, किंचित मिथेन, आणि निम्मा भाग नुसता नायट्रोजन, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीनं ओझं. म्हणून तुझा दोन किलोवॅटचा जनरेटर या गॅसवर सव्वा किलोवॅटच्या आसपास देईल. त्यापेक्षा जास्त ओढायला गेलास तर तो गुदमरेल. एका युनिटला दीड किलो वाळलेलं लाकूड धर, घरगुती भट्टीत दोन किलोही लागेल. एक लिटर पेट्रोलचं काम अडीच ते तीन किलो लाकूड करतं, हा जुना आडाखा आहे आणि तो बरोबर आहे.

डांबराचं मात्र नीट समजून घे. वरच्या थरात सुटलेली डांबराची वाफ हवेच्या नळ्यांखालच्या तापलेल्या अरुंद गळ्यातूनच खाली गेली पाहिजे, तरच ती फुटून गॅस होते. गळा थंड असेल तर डांबर तसंच पुढे जातं, नळीत थिजतं आणि इनलेट व्हॉल्व्हच्या दांडीला चिकटून बसतं. रात्री इंजिन छान चालतं, सकाळी दोरी ओढली तर व्हॉल्व्ह जागचा हलत नाही, हातात पुशरॉड वाकलेला येतो. आणि गळा थंड कधी होतो? भार कमी असला की. अमेरिकेच्या आणीबाणी व्यवस्थापन खात्यानं १९८९ साली अशाच उघड्या तोंडाच्या भट्टीची पुस्तिका काढली होती, तुझ्या मित्राकडचं चित्र बहुधा तिच्याच वंशातलं असणार. पण ती भट्टी त्यांनी ट्रॅक्टरवर चालवून दाखवली. ट्रॅक्टरचं इंजिन गॅस भरपूर ओढतं. तुझ्या घरी दोन पंखे आणि चार दिवे. एवढ्याशा ओढीवर भट्टी पेंगते आणि डांबर सोडते. घरगुती जनरेटर लाकडावर चालवणं ट्रॅक्टर चालवण्यापेक्षा अवघड आहे ते यामुळे.

दुसरी गोष्ट ओलीची. लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही, पंधरा असेल तर उत्तम. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणीच असतं. तुझ्याकडे लाइट जाते ती पावसाच्या झोडपणीत, नेमकं लाकूड सादळलेलं असतं तेव्हा. म्हणजे पावसाळ्याचं सरपण वैशाखातच अंगठ्याएवढे तुकडे करून, पत्र्याखाली, जमिनीपासून वर रचून ठेवावं लागणार. भुसा घालू नकोस, तो हवेची वाट बंद करतो. पॅकिंगच्या फळ्या चांगल्या, कोरड्या असतात, पण त्यांवरचा शिक्का बघ. 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेनं निर्जंतुक केलेलं आहे, ते वापर. 'एमबी' असेल तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते बाजूला ठेव. प्लायवूड, रंगाची फळी आणि मिलमधल्या पॉलिस्टरच्या चिंध्या भट्टीजवळही नेऊ नकोस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, तो झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. हवेत शेकडा एक भागाच्या पाचव्या हिश्श्याएवढा जरी मिसळला तरी तासाभरात माणूस जाऊ शकतो, आणि तुझ्या नळीतून निघणाऱ्या गॅसमध्ये तो शेकडा वीस आहे. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. पित्त झालं असेल म्हणून माणूस आडवा होतो, आणि उठत नाही.

यातली एक खोच वेल्डरला ठाऊक नसेल. इंजिन चालू असताना ते गॅस ओढत असतं, म्हणून भट्टीत बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. फट असलीच तर बाहेरची हवा आत जाते. तेही वाईट, आत भडका उडतो, पण गॅस बाहेर येत नाही. धोका असतो पेटवताना आणि बंद केल्यावर. खालून पंख्यानं हवा ढकललीस तर प्रत्येक फटीतून गॅस बाहेर पडेल. म्हणून पंखा फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या अंगाला बसव, म्हणजे तोही ओढेल, ढकलणार नाही. त्याचं तोंड उघड्यावर ने आणि तिथे गॅस निळसर, स्थिर ज्योतीनं जळेपर्यंत इंजिनाला देऊ नकोस. बंद केल्यावर भट्टी कितीतरी वेळ गॅस सोडत राहते. तुझी ती गाळ्यासारखी खोली, पाठीला पाठ लावून दुसऱ्याची खोली, मध्ये हातभर बोळ, वर झोपायला आलेली रात्रपाळीची पोरं. तिथे ही भट्टी नको. गॅलरीत नको, जिन्याखाली नको, दार उघडं ठेवूनसुद्धा नको. हे मी सल्ला म्हणून लिहीत नाही, मामा म्हणून बजावून सांगतो.

मग कडोदऱ्याच्या घराचं काय? पंखे-दिव्यांना बॅटरीचा इन्व्हर्टर घे. छतावर सोलर बसवणार असशील तर आधी विचारून घे, कारण बॅटरी नसलेलं साधं सोलर लाइनची लाइट गेली की स्वतःही बंद पडतं. घराचं त्यात भागेल, मुलं शांत झोपतील.

भट्टी करायची ती आपल्या मळ्यात. इथे मोकळं आहे, पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत, बांधावर सुबाभूळ आहे. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळीत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं १९८८ साली पाच हॉर्सपॉवरच्याच यंत्रावर गावाला दिवे दिले. तिथे लाकडासाठी वेगळी झाडं लावली आणि यंत्र चालवणारी माणसं गावातलीच तयार केली. माझ्या मते ते टिकलं ते या दोन गोष्टींमुळे. भट्टीपाशी कुणीतरी बसावंच लागतं: लाकूड घाल, राख काढ, फिल्टर झटक, पाणी काढ. ते पाणी विहिरीजवळ वा ओढ्यात सोडायचं नाही, त्यात फिनॉल असतं. आपल्याकडे बसायला मी आहे.

उसाच्या पाचटाचंही तुझ्या मनात येईल, चलथाणच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पाचट पेटलेलं तू दर हंगामात बघतोस. तेही फलटणकरांनी करून पाहिलंय, १९९०च्या दशकात पाचट-बगॅसवर चालणारी भट्टी उभी केली. पण ती कारखान्याला उष्णता देण्यासाठी, इंजिनासाठी नाही. पाचट फार हलकं, फुगीर, ते इतक्या लहान पिंपात बसायचं नाही. सध्या सोड.

आणि सुरुवात लाकडानं करू नकोस, लोणारी कोळशानं कर. कोळसा करतानाच डांबर उडून गेलेलं असतं, त्यामुळे गॅस स्वच्छ येतो, भार कमी असला तरी व्हॉल्व्ह धरत नाही, फिल्टरही सोपा. युद्धकाळात सर्व्हिस मोटारवाल्यांनी कोळसा धरला तो उगीच नाही. लाकडातली निम्म्याहून जास्त शक्ती कोळसा करण्यात जाते, हे खरं नुकसान आहे, पण हात बसेपर्यंत ते सोसू. एक हंगाम कोळशावर काढू, मग लाकडाकडे वळू.

इंजिनही तुझं नको. मळ्यात ते जुनं पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचं पंपाचं इंजिन आहे. त्यात ठिणगीचा प्लग आहे, म्हणजे डिझेल इंजिनासारखं थोडं डिझेल सतत देत राहायची गरज नाही, ते संपूर्ण गॅसवर फिरेल. हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, तेव्हा ठिणगी थोडी आधी पाडावी लागेल. मॅग्नेटो हलवायला तू आलास की बसू.

दिवाळीला येशील तेव्हा पिंप ट्रान्सपोर्टनं धुळ्याला पाठव, एस.टी.त घेऊन बसू नकोस. कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म सुरतेच्या बाजारातून दोन घे: एक इथल्या शेडसाठी आणि एक तुझ्या खोलीसाठी, कारण पेट्रोलचा जनरेटरही तोच वायू सोडतो आणि तो तू आज कुठे ठेवतोस हे आक्कानं मला सांगितलंय. तो आधी बोळातून बाहेर काढ. आणि वेल्डरला म्हणावं, गळ्याचं काम तसंच राहू दे. गळ्याचं माप इंजिनाच्या ओढीवर ठरतं, ते इथे मोजून मी कळवीन.

तुझा,
मामा