पाठीमागचे गाव

छायाचित्र काढणारा समोरच्या माणसाकडे पाहतो. कॅमेरा मात्र पाठीमागचेही सारे टिपून ठेवतो. वसईतील ख्रिस्ती घरांतले जुने अल्बम उघडले, की याचा प्रत्यय येतो. प्रथम कम्युनियनच्या दिवशी पांढऱ्या पोशाखात उभी केलेली मुले, झावळ्यांच्या मांडवातील नवरा-नवरी, अंगणातील शवपेटी आणि तिच्याभोवती जमलेले आप्त, एवढेच छायाचित्रकाराला हवे होते. पण त्यांच्या पाठीमागे केळीची बाग आहे, विहिरीवरचा रहाट आहे, बावखलाचे संथ पाणी आहे. नकळत का होईना, गावाचा नकाशाच तेथे उमटला आहे.

असे अल्बम आम्ही आप्तेष्टांकडून मागून आणतो आणि त्यांतील जागा शोधीत फिरतो. काम दिसते तितके सोपे नाही. रस्ते रुंदावले, बांध गेले, घरे पाडून इमारती उठल्या. खूण म्हणून उरतो तो बहुधा चर्चचा दर्शनी भाग अथवा वाटेवरचा क्रूस. जुन्या चित्रात क्रुसाच्या कोणत्या बाजूने मनोरा डोकावतो ते पाहावयाचे आणि तीच जुळणी साधेपर्यंत दोन पावले इकडे, दोन पावले तिकडे सरकत राहावयाचे. सावलीवरून प्रहर कळतो. मग नवे छायाचित्र घेऊन दोन्ही शेजारी शेजारी मांडावयाची.

वसईच्या किल्ल्यात ही रीत वेगळेच काही सांगते. मराठ्यांनी किल्ला जिंकला १७३९ साली. छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली. साहजिकच ते नांदते पोर्तुगीज शहर कोणत्याही कॅमेऱ्याने पाहिलेले नाही. जुन्या चित्रातही भग्न मनोरा, नव्यातही भग्न मनोरा. भेद काय तो झाडाझुडपांचा. खरा पालट झाला तो तटाबाहेर.

विरारहून मुंबईकडे लोकल सुटू लागली १८६७ साली. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत पोहोचली. तरीही पुढे कित्येक दशके वाड्या हिरव्याच राहिल्या. १९८० नंतरच्या चित्रांत मात्र नारळाच्या शेंड्यांवरून इमारतींचे माथे दिसू लागतात. चार नगरपालिका व आसपासची गावे मिळून २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली.

या जोड्यांमध्ये मन सर्वांत अस्वस्थ होते ते बावखलांपाशी. पावसाचे पाणी बावखलात साठावे, मुरत मुरत विहिरींना मिळावे आणि त्या गोड्या पाण्याने समुद्राच्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरावे, ही आमच्या पूर्वजांची योजना. जुन्या चित्रात जेथे पाणी चमकते, तेथे नव्या चित्रात कोठे भराव, कोठे मोटारी उभ्या. पाण्याला मुरण्याची जागा उरली नाही, की ते रस्त्यावर येते. जुलै २०१८ मध्ये रूळ पाण्याखाली जाऊन वसईची लोकल थांबली, ते दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. वसईचे पाणी आणि हिरवाई वाचावी म्हणून दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो जे पोटतिडकीने सांगत होते, ते या दोन चित्रांत शब्दांवाचून दिसते.

तरीही केवळ हळहळण्यासाठी हा उद्योग नाही. ज्या इमारतींनी आमची वाडी झाकली, त्यांच्यात मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीतून आलेल्या कुटुंबांना प्रथमच स्वतःचे दार मिळाले. त्यांचे अल्बम तेथूनच सुरू होतात. येथे पूर्वी काय होते हे त्यांनाही कळले, तर उरलेले बावखल राखण्यास तेही हात देतील, असा आमचा विश्वास आहे.

मात्र वेळ थोडा आहे. बहुतेक छायाचित्रांची मागची बाजू कोरी आहे. ‘ही कोणाची विहीर?’ या प्रश्नाचे उत्तर केवळ घरातील आजी-आजोबांपाशी आहे. म्हणून वाचकांना आमची विनंती अशी, की येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर घरचा अल्बम त्यांच्या पुढ्यात ठेवावा. ते जागा, वर्ष, नावे सांगतील. नातवंडांनी ती मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने मागे लिहून ठेवावीत. माणसांची नावे विचारून झाली, की पाठीमागच्या झाडांची आणि पाण्याचीही विचारावीत.