दादीचे चिंचोके

साखरा गावच्या आमच्या घरी दादीची मांजरपाटाची एक थैली होती, चिंचोक्यांनी भरलेली. उन्हाळ्यात चिंच फोडून झाली की त्यातले टपोरे चिंचोके ती वेगळे काढायची, धुऊन पत्र्यावर वाळवायची, किडके फेकून द्यायची. आम्हा पोरांना ते खेळायला कधीच मिळाले नाहीत. त्यांच्यावर अल्लाहचं नाव मोजलं जायचं.

कुणी अंथरुणाला खिळलं, पावसानं ताण दिला, की बायका माजघरात जमत. मधोमध पांढरी चादर, तिच्यावर चिंचोक्यांचा ढीग आणि आयत-ए-करीमा. माशाच्या पोटात अडकलेल्या युनूस पैगंबरांनी केलेली ही दुआ कुरआनच्या सूरे अंबियात आहे. ती सव्वा लाख वेळा वाचायची रीत. एकदा वाचलं की एक चिंचोका इकडून उचलून तिकडे टाकायचा. वापरून वापरून त्यांची टरफलं गुळगुळीत, काळपट झाली होती. ओठ नुसते हलत. ऐकू येई ती चिंचोक्यांची टिकटिक. 1972च्या दुष्काळात हे वाचन किती चाललं, ते दादी सांगायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा.

पुढं औरंगाबादला शिकायला गेलो. तिथं मशिदीतल्या एका बुजुर्गांनी बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवलं. नमाजनंतर 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. कयामतला बोटांनाही बोलतं केलं जाणार आहे, म्हणून त्यांच्यावर मोजा, अशी हदीस त्यांनी सांगितली. सव्वा लाखाचा आकडा कुरआन-हदीसमध्ये नाही, हेही तिथंच कळलं. पण खजुराच्या बियांवर किंवा खड्यांवर जिक्र मोजणाऱ्या एका बाईचा उल्लेखही हदीसमध्येच आहे. पैगंबर तिच्यावर रागावले नाहीत. याहून सोपं सांगतो, म्हणाले. ते वाचलं तेव्हा मला दादीच आठवली.

सूरे काफमध्ये अल्लाह माणसाला त्याच्या गळ्याच्या शिरेहूनही जवळ आहे असं सांगितलंय. मग सव्वा लाख वेळा हाक कशाला? पुष्कळ वर्षं हा प्रश्न मनात होता. आता मला वाटतं, अंतर असतं ते आपल्याच बाजूला. मन बाजारात, शेताच्या बांधावर, कुणाच्या तरी बोलण्यात अडकलेलं. त्याला ओढून आणायला वेळ लागतो. तेवढा वेळ माणसाला एका जागी बसवायचं काम चिंचोके करत. आमच्याच जिल्ह्यातल्या नर्सीला, नामदेवांच्या गावी, तुळशीची माळ ओढत बसलेली म्हातारी माणसं पाहिली की मला हे फार जवळचं वाटतं.

बंदा रबच्या सर्वांत जवळ असतो तो सजद्यात, असं हदीस सांगते. शेवटी शेवटी दादीचे गुडघे वाकेनात. बाजेवर बसून ती नमाज पढायची; रुकूला थोडी वाकायची, सजद्याला त्याहून जास्त. कपाळ जमिनीला लागत नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं.

फर्ज म्हणजे बंधनकारक इबादतीनं बंदा अल्लाहच्या जवळ येतो आणि नफिल म्हणजे ऐच्छिक इबादतीनं आणखी जवळ येत राहतो, असंही हदीसमध्ये आहे. जमातीत इमामांच्या मागं सजदा लांबवता येत नाही; त्यासाठी तहज्जुद, रात्री उठून एकट्यानं पढायची नफिल नमाज. जिक्र मोजताना आकडा चुकला तर आता मी पहिल्यापासून धरत नाही, तिथूनच पुढं म्हणतो. आणि गुडघे साथ देताहेत तोवर सजद्यात हवं तेवढं थांबून घेतो.